खाली डोकं, वर पाय : एका फोटोमालिकेच्या नोंदी

४ जानेवारी

विषय पक्का. उलटी चित्रं. दहा-बारा प्रिंटची मालिका आणि अट एकच : चित्र उलटं का आहे, याचं उत्तर त्या चित्रातच सापडलं पाहिजे. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की कुठलाही फोटो क्षणात डोक्यावर उभा राहतो. तसे पाच-पन्नास पाहिले की डोळ्यांना त्याचं काही वाटेनासं होतं.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण बोलताना सगळेच तिचा गोंधळ घालतात. उलटं करण्याचे प्रकार तीन आहेत. पहिला, वरचं खाली जातं, डावं-उजवं जागच्या जागी राहतं. तळ्यातलं प्रतिबिंब असं असतं. दुसरा, डावं-उजवं बदलतं, वर-खाली तसंच राहतं. हे आरशातलं रूप. तिसरा, दोन्ही एकदम, म्हणजे कागद हातात धरून अर्धा गोल फिरवणं. तिसऱ्या प्रकारात अक्षरं वाचता येतात, मान तेवढी वाकडी करावी लागते. पहिल्या दोन्हींत कागद कसाही धरा, अक्षरं उलटीच. म्हणजे ते दोघे एकाच घरचे : पहिल्याला अर्धा गोल फिरवला की दुसरा हाती येतो.

निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं, हेही उलटंच. पण तो वेगळा संसार आहे. या मालिकेत नाही.

९ जानेवारी

आज खोलीचाच कॅमेरा केला. खिडकी जाड काळ्या कागदाने बंद, फटींवर काळी टेप, मधोमध १५ मिलिमीटरचं भोक. समोरची भिंत ३ मीटरवर. हिशेब सरळ आहे : अंतर भागिले भोकाचा व्यास, ३००० भागिले १५, म्हणजे एफ/२००. हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी भिंतीवर पोचणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच. त्यामुळे आत पाऊल टाकल्या टाकल्या काही दिसत नाही. डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. आधी भिंतीच्या खालच्या अंगाला एक फिकट पट्टा उमटतो. ते आकाश. मग झाडाचा शेंडा जमिनीकडे लोंबताना दिसतो, आणि मग एकदम लक्षात येतं की तो हलतोय. बाहेर वारा आहे.

भोक लहान केलं की चित्र रेखीव होतं, पण उजेड जातो. ३ मीटर अंतराला सगळ्यात रेखीव चित्र साधारण अडीच मिलिमीटरच्या भोकातून मिळतं. त्याहून लहान केलं तर प्रकाश भोकाच्या कडांवरून पसरतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं. अडीच मिलिमीटरला उजेड छत्तिसाव्या हिश्शावर येतो. फोटो काढायचा तर मिनिटं नव्हे, तास मोजावे लागतील.

यावर चांगला उपाय म्हणजे भोक मोठं करून त्यावर चष्म्याचं भिंग. अधिक ०.५ नंबरचं भिंग लांबच्या देखाव्याची प्रतिमा २ मीटरवर देतं (एक भागिले नंबर, उत्तर मीटरमध्ये). ५० मिलिमीटरचं भोक आणि २ मीटरवर पांढरा बोर्ड, म्हणजे एफ/४०. उजेड आधीच्या पंचवीसपट. रंगही खुलून आले.

हे सगळं प्रकाश सरळ रेषेत जातो एवढ्या एका कारणाने घडतं. वरून आलेला किरण भोकातून खाली जातो, खालून आलेला वर. इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने हजार वर्षांपूर्वी ग्रहणातल्या सूर्याची कोर भोकातून उलटी पडते, याचा बारकाईने अभ्यास केला होता. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ (लॅटिनमध्ये ‘अंधारी खोली’) हे नाव खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये वापरलं, आणि डोळ्याच्या दृष्टिपटलावरही प्रतिमा उलटीच पडते हे त्याच ग्रंथात मांडलं. फोटोग्राफीत अबेलार्डो मॉरेल १९९१ पासून खोल्याच्या खोल्या असे कॅमेरे करून त्यांचे फोटो काढत आले आहेत : पलंगावर, कपाटावर बाहेरचं शहर उलटं पसरलेलं. त्यांच्या वाटेला जायचं नाही, एवढं ठरवलंय. मला खोली नको, बोर्डवरचं चित्रच हवंय.

११ जानेवारी

पुठ्ठ्यावर मोठा ‘ग’ रंगवून बाहेर उन्हात उभा केला. बोर्डवर तो डोक्यावर उभा दिसला. ते अपेक्षितच. पण बोर्डचा फोटो काढून अर्धा गोल फिरवला, तर आला आरशातला ‘ग’! मग बोर्डाच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणला आणि मागे जाऊन पाहिलं. तिथेही डोक्यावर, पण फिरवल्यावर मात्र सरळ, वाचता येईल असा ‘ग’.

कारण उघड आहे. कागदावर पडलेली प्रतिमा एकच. पडद्याच्या पुढून पाहिली की पहिला प्रकार, मागून पाहिली की तिसरा. मोठ्या फॉरमॅटच्या, म्हणजे मोठ्या फिल्मच्या पेटीवजा कॅमेऱ्यात काळं कापड डोक्यावर घेऊन मागच्या घाशीव (दुधी) काचेवर जे दिसतं, ते मागून पाहिलेलं. म्हणून ते नुसतं फिरवलेलं असतं. एसएलआरमध्ये, म्हणजे भिंगातूनच बघायच्या एका भिंगाच्या कॅमेऱ्यात, आरसा चित्र वर-खाली सरळ करतो आणि राहिलेलं डावं-उजवं वरचा प्रिझम दुरुस्त करतो. कमरेशी धरून वरून बघायच्या जुन्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात प्रिझमच नाही, म्हणून चित्र उभं दिसतं पण आरशातलं : माणूस डावीकडे चालला की काचेवर उजवीकडे जातो आणि कॅमेरा हमखास भलतीकडे वळतो.

बोर्ड आणि ट्रेसिंग पेपर, दोन्ही मालिकेत शेजारी-शेजारी. ‘ग’सकट.

१८ जानेवारी

पुढून-मागूनचा हा फरक फोटोग्राफीच्या जन्मापासून चिकटलेला आहे. फोटोग्राफीचा एक आद्य जनक, फ्रेंच संशोधक दागेर, याच्या पद्धतीत चांदीच्या पत्र्यावर जी प्रतिमा पडते तीच अंतिम चित्र. ते पडलेल्या बाजूनेच पाहायचं. म्हणजे आरशातलं. १८३८ मधला त्याचा पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्लचा प्रसिद्ध देखावा असाच डावं-उजवं बदललेला आहे. पुढे लोखंडी पत्र्यावरचे स्वस्त टिनटाइप आले, तेही तसेच.

अमेरिकेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड, त्याचं उदाहरण यात सर्वात रंजक. १८८० च्या सुमाराचा त्याचा टिनटाइप इतक्या ठिकाणी छापला गेला की तो डावखुरा होता, हे लोकांनी धरूनच चाललं. १९५८ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला तो नावातच डावखुरेपण घेऊन. आणि पुरावा चित्रातच होता! त्याच्या हातात १८७३ ची विंचेस्टर रायफल आहे. तिची काडतुसं भरायची झडप उजव्या अंगाला असते. फोटोत ती डाव्या अंगाला दिसते. बंदूक उलटी, म्हणजे माणूसही उलटा.

मला नेमका हाच प्रकार हवाय. डावं-उजवं बदललेल्या चित्रात एकच बारीक साक्षीदार ठेवायचा : शर्टाची बटणपट्टी, घड्याळाचे काटे, स्क्रूचे आटे. अक्षरं नकोत, ती फार लवकर चहाडी करतात. स्क्रू उत्तम. नेहमीच्या स्क्रूचे आटे उभं धरल्यावर डावीकडून उजवीकडे चढतात. उलटे आटे असलेला स्क्रू बहुतेकांनी कधी हातात धरलेला नसतो. पण नवल म्हणजे फोटोत तो कुणालाच खटकत नाही. क्लोजअप घेतला : चकचकीत स्क्रू, काळ्या कापडावर, उजेड एका बाजूने. डोळा आट्यांवरून सरकत जातो आणि शंका येत नाही. छान.

२४ जानेवारी

जिना. खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात तिरपा जाणारा, त्यावर एक माणूस मधोमध थांबलेला, पाठमोराही नाही, सामोराही नाही. जिना डावीकडून उजवीकडे वर गेला की सगळे म्हणतात, चढतोय. तोच फोटो आरशातला केला की उतरतोय. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्याचा हा परिणाम असावा असं बरेच मानतात. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या वाचकाला दाखवून पाहायला हवं.

कलेच्या इतिहासकारांना ही डोकेदुखी जुनीच. हाइनरिश वोल्फलिनने १९२८ मध्ये चित्रातल्या डाव्या-उजव्यावर लिहिलं. व्याख्यानात स्लाइड उलटी लागली की चित्राचा भावच कसा बदलतो, तिथपासून त्याचा विचार. इटालियन चित्रकार राफाएलने व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या, भिंतीवर टांगायच्या गालिच्यांसाठी केलेली मोठी चित्रं लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. विणकर मागच्या बाजूने विणायचे, त्यामुळे गालिच्यात डावं-उजवं बदलून यायचं, आणि राफाएलने रचना करतानाच ते गृहीत धरलं होतं. छापील चित्रांचंही तेच : तांब्याच्या पत्र्यावर जे डावं, ते कागदावर उजवं.

चित्रकार मैत्रीण म्हणाली, “अरे, यात नवीन ते काय? आम्ही रोज आरसा घेऊन बसतो.” खरंय. चित्र रंगवता रंगवता आरशात पाहिलं की नाक वाकडं झालेलं लगेच दिसतं. लिओनार्दोच्या टिपणांतही हाच सल्ला आहे.

जिन्याचे दोन्ही प्रिंट समोरासमोर लावायचे. मध्ये काही नको.

५ फेब्रुवारी

पाणी. पहाटे, वारा पडलेला असताना.

प्रतिबिंबाचा फोटो उलटा करणं हा सगळ्यात सोपा आणि म्हणून सगळ्यात झिजलेला प्रकार. तरी घेतला, कारण प्रतिबिंब म्हणजे वरच्या देखाव्याची नक्कल नसतेच. कॅमेरा पाण्याच्या जेवढा वर आहे, तेवढाच पाण्याखाली ठेवून काढला असता, तर जे दिसलं असतं ते प्रतिबिंब. म्हणून पुलाकडे पाहिलं की वरचा कठडा दिसतो, प्रतिबिंबात मात्र पुलाचं पोट : तुळया, गंजाचे ओघळ, चिकटलेली घरटी. जवळचं झाड मागच्या टेकडीला प्रतिबिंबात जास्त झाकतं. दोन्ही अर्धे एकमेकांवर कधीच तंतोतंत बसत नाहीत, आणि कुणी खोटं प्रतिबिंब कॉम्प्युटरवर चिकटवलं असेल तर ते इथेच उघडं पडतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. पाण्याकडे सरळ खाली पाहिलं तर जेमतेम दोन टक्के उजेड परत येतो. नजर जितकी तिरपी, तितका जास्त. त्यामुळे प्रतिबिंब नेहमीच मूळ देखाव्याहून गडद. चित्र उलटं केल्यावर हा गडदपणा वर जातो आणि आकाश पावसाळी वाटायला लागतं. मला हा भाग फार आवडला.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवायचा. पाण्याच्या लंबरेषेशी ५३ अंशांच्या आसपास तो प्रतिबिंबच पुसून टाकतो.

ठेवलेली फ्रेम : नुसतं प्रतिबिंब, काठ वगळून, अर्धा गोल फिरवलेलं. वर गडद आकाश, खाली पूल, आणि आकाशात एक पिवळं पान तरंगतंय. पान पाण्यावर आहे, हे कळायला वेळ लागतो. त्याच्या कडेशी पाणी किंचित वाकलंय, तिथे ढगाची रेघ मोडते. प्रिंट मोठाच हवा, नाहीतर ती मोडलेली रेघ दिसणारच नाही.

१३ फेब्रुवारी

चेहरे. उलटा चेहरा ओळखणं आपल्याला उलटं घर ओळखण्यापेक्षा बरंच जड जातं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिनने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. १९८० मध्ये पीटर थॉम्पसनने ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड उलटं बसवलं. तो फोटो उलटा धरला की काही वावगं वाटत नाही, सरळ केला की अंगावर काटा येतो.

करून पाहिलं. मित्राचा चेहरा, त्याच्याच परवानगीने. परिणाम जबरदस्त, पण एकदाच. दुसऱ्यांदा पाहताना त्यात काही उरत नाही. मालिकेतून बाद.

त्याऐवजी दुसरं केलं : तोच मित्र आडव्या दांडीला गुडघ्यात पाय अडकवून उलटा लटकला, फोटो काढला आणि छापताना सरळ केला. आता चेहरा सरळ, पण सगळं वजन वरच्या दिशेने. केस ताठ उभे, गाल डोळ्यांकडे सरकलेले, गळ्यातली साखळी हनुवटीवरून कपाळाकडे गेलेली. फिलिप रामेत हा फ्रेंच कलाकार लपवलेल्या लोखंडी आधारांवर शरीर अडकवून आडवं-उलटं उभं राहतो आणि चेहऱ्यावर सुरकुतीही येऊ देत नाही. आमच्याकडे तो संयम नाही. मित्राचा चेहरा लालबुंद झालाय आणि तो तसाच हवाय. एका वेळी अर्ध्या मिनिटाच्या वर लटकवायचं नाही, खाली गादी.

२१ फेब्रुवारी

आज काम नाही, फक्त चित्रं पाहिली.

जर्मन चित्रकार गेओर्ग बाझेलिट्स १९६९ पासून माणसं, झाडं, पक्षी डोक्यावर उभे रंगवत आला. पहिलं चित्र जंगलाचं, एकोणिसाव्या शतकातल्या फेर्डिनांड फॉन रायस्कीच्या चित्रावरून घेतलेलं. ते सरळ रंगवून मग फिरवलेलं नाही, रंगवतानाच उलटं आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. फोटोग्राफर शटर दाबून झाल्यावर चित्र फिरवतो, म्हणजे निर्णय उशिराचा. म्हणूनच आपल्याकडे बहुतेक उलटे फोटो लटके वाटतात. घाशीव काचेवर उलटंच पाहून रचना करणारा मात्र बाझेलिट्सच्या जवळ जातो : त्याला आधी आकार आणि वजन दिसतं, झाड नंतर.

त्याआधी रशियन चित्रकार कान्दिन्स्की. म्युनिकमध्ये संध्याकाळी स्टुडिओत परतला, तर भिंतीला एक अवर्णनीय सुंदर चित्र टेकलेलं. कशाचं ते काही कळेना. ते त्याचंच चित्र निघालं, आडवं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात ती जादू पुन्हा आली नाही. हे त्याने १९१३ मध्ये स्वतःच लिहिलंय.

त्याच्याहून तीनशेवर वर्षं आधीचा इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दो मात्र उलट दिशेने जातो. त्याच्या एका चित्रात वाडगाभर भाज्या. फिरवलं की जाड ओठांचा माळी. तिथे दोन्ही बाजू सरळ आहेत, उलटी कुठलीच नाही.

२ मार्च

मालिकेतलं सर्वात चांगलं चित्र आज मिळालं. ओल्या वाळूत पायाचा ठसा.

उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरूनच चालतो. खड्ड्याची वरची कड सावलीत आणि खालची उजळ असली, की आपल्याला खड्डा दिसतो. तोच फोटो अर्धा गोल फिरवला की वरची कड उजळ, खालची काळी. मेंदू आपलं गृहीतक सोडत नाही, खड्ड्याचा उंचवटा करून टाकतो. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउसने १७८६ मध्येच या भ्रमाचं स्पष्टीकरण उजेडाच्या दिशेत शोधलं. चंद्राच्या फोटोंत विवरांच्या जागी टेकड्या दिसतात, ते यामुळेच.

व्यवहारात काय लागतं : सूर्य क्षितिजाजवळ, आणि तो फ्रेमच्या वरच्या बाजूला. आडव्या बाजूने ऊन असेल तर परिणाम होत नाही. फ्रेम घट्ट हवी. ठशाच्या बाजूला गवताची एक काडी होती, तिची सावली दिसत होती तोवर खड्डा खड्डाच राहिला. काडी फ्रेममधून कापली आणि पाऊल वाळूतून वर उगवलं. बोटांचे पाच गोल तर मण्यांसारखे टपोरे. काही जणांना ते लगेच दिसतं, काहींना दिसतच नाही, आणि एकदा पलटी खाल्ली की मनात आणूनही परत फिरवता येत नाही.

अवकाशातले फोटो तर फिरवूनच छापलेत. अपोलो १७ या चांद्रमोहिमेच्या प्रवासात ७ डिसेंबर १९७२ ला घेतलेला पृथ्वीचा प्रसिद्ध फोटो मुळात दक्षिण ध्रुव वर ठेवून टिपलेला आहे, छापताना फिरवला. अपोलो ८ वर अंतराळवीर अँडर्सने २४ डिसेंबर १९६८ ला टिपलेल्या चित्रात चंद्राची जमीन मुळात उजव्या कडेला उभी होती. ती आडवी केल्यावर पृथ्वी ‘उगवली’.

९ मार्च

काचेचा गोळा, ८० मिलिमीटर व्यासाचा. बाहेरचा देखावा त्यात डोक्यावर उभा दिसतो. फोकस गोळ्यावर करायचा नाही. साध्या काचेत प्रतिमा गोळ्याच्या मध्यापासून पाऊणपट व्यासावर, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला पृष्ठभागापासून २० मिलिमीटर बाहेर हवेत तयार होते. तिथे कागद धरला तर त्यावर पडते. फोकस त्या हवेतल्या जागेवर आला की देखावा धारदार आणि गोळ्याची कड मऊ.

उन्हात गोळा उघडा ठेवून जाऊ नये. त्याच २० मिलिमीटरवर सूर्याचाही ठिपका पडतो आणि कापड जळतं. काम झालं की डब्यात.

चित्र सुंदर आहे, पण सुंदर म्हणूनच शंका येते. कॅलेंडरवर शोभेल. राखीव.

१६ मार्च

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटनने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठवडाभर एका डोळ्यावर जग उलटं दाखवणारी भिंगं बांधली होती, दुसरा डोळा झाकून. हळूहळू तो हिंडू-फिरू, काम करू लागला. डोळ्यांना जग पुन्हा सरळ ‘दिसू’ लागतं, असं पुढे बरेच दिवस सांगितलं जाई. १९९९ मध्ये तपासलं तेव्हा हात-पाय सरावतात, पण दिसणं उलटंच राहतं असं आढळलं. घाशीव काचेवर काम करताना माझाही अनुभव हाच. कॅमेरा कुठे वळवायचा हे हाताला कळतं, माणूस मात्र उलटाच दिसतो.

२५ मार्च

प्रिंट आले. आता लटकवण्याचा प्रश्न. उलट्या चित्रांच्या प्रदर्शनात टांगणारा माणूस समजूतदार असला की घात : तो आपण होऊन चित्र ‘सरळ’ करतो.

आणि हे मोठमोठ्या संग्रहालयांतही होतं. फ्रेंच चित्रकार मातीसचं ‘ल बातो’ १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ४७ दिवस उलटं लटकत होतं; लक्षात आणून दिलं ते एका प्रेक्षक बाईंनी. डच चित्रकार मोंद्रियानचं रंगीत चिकटपट्ट्यांचं ‘न्यूयॉर्क सिटी १’ तर १९४५ पासून उलटंच टांगलं जातंय, असं २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाने जाहीर केलं. पुरावा होता त्याच्या स्टुडिओचा एक जुना फोटो. तरी चित्र फिरवलं नाही, कारण पट्ट्या आता सुटायला आल्यात. इतकी वर्षं एका दिशेने ताण सोसल्यावर चित्र उलटं केलं तर त्या गळून पडतील.

म्हणून आमची व्यवस्था : प्रत्येक प्रिंटच्या मागे बाण, वर सही, आणि शेजारी एकच ओळ, ‘हीच बाजू वर’. पुढच्या बाजूला सही नाही, ती लगेच दिशा सांगते. वाळूतल्या पायाला मात्र बाण नाही. त्याला वर-खाली दोन्हीकडे कड्या बसवल्या आहेत. रोज सकाळी उघडताना फिरवायचा.

२८ मार्च

टांगून झालं. जिने समोरासमोर, ‘ग’ची जोडी दाराशी, लटकलेला मित्र एकटा एका भिंतीवर. पाण्याचा प्रिंट चकचकीत कागदावर आहे आणि त्यात समोरचा दिवा दिसतोय. मॅट कागदावर पुन्हा छापायला टाकला. काचेचा गोळा बाद. मैत्रिणीचं मत वेगळं होतं, ती अजून भांडतेय.